मेंदूचा वाफसा: अंगावरून वारं गेल्यानंतरचे पहिले तीन महिने

सांगली-मिरजेच्या भागात 'पक्षाघात' हा शब्द दवाखान्याच्या कागदावरच असतो. फोनवर लोक सांगतात ते असं: 'आबांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलंय, मिरजेतनं परवाच घरी आणलं, मालिश करायला येता का?' मी फिजिओथेरपिस्ट आहे. मालिशसाठी बोलावलेल्या घरात पहिल्या दिवशी मी मालिशला हात लावत नाही. आधी विचारते, आज सकाळपासून आबांनी स्वतःच्या हातानं काय काय केलं? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, 'आम्ही त्यांना काही करूच देत नाही.' त्यामागची माया मला दिसते. पण याच मायेपायी पहिले तीन महिने हातातून निघून जातात. त्या तीन महिन्यांत मेंदूत काय चाललेलं असतं आणि घरात काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघाताबद्दलच इथे बोलणार आहे. शंभरातले सुमारे ८५ झटके याच प्रकारचे असतात. रक्तस्रावाच्या झटक्यात व्यायामाची दिशा बरीचशी अशीच असते, औषधं मात्र पूर्ण वेगळी असतात.

झटका आला त्या दिवशी

द्राक्षबागेत ठिबकची एक नळी चोंदली तर काय होतं, हे तासगावकडच्या माणसाला सांगायला नको. अगदी जवळचा वेल वाळतो. त्याच्या आजूबाजूचे वेल मान टाकतात, पण वेळेत पाणी सुटलं तर पुन्हा तरारतात. मेंदूतही तसंच होतं. मध्यभागातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्याभोवतीच्या पट्ट्यातल्या पेशी गप्प झालेल्या असतात, मेलेल्या नसतात. डॉक्टर या पट्ट्याला 'पेनम्ब्रा' म्हणतात आणि तातडीचे सगळे उपचार तो वाचवण्यासाठी असतात.

पेशी एवढ्या लवकर का मरतात? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा वापरतो, आणि त्याच्याजवळ साठा जवळपास नसतो. रक्त थांबलं की पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, संपतं. एटीपीवर चालणारा सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो. सोडियम आत शिरतं, त्यामागून पाणी शिरतं आणि पेशी फुगते. त्याच वेळी ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं. एरवी एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं हे रसायन अति झालं की शेजारच्या पेशींची दारं सताड उघडतं, आणि कॅल्शियम आत घुसून पेशीची मोडतोड सुरू करतं. मोठी वाहिनी बंद असेल तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा अंदाज २००६ साली मांडला गेला.

म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं किंवा अचानक तोल गेला, तर:

१. माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता, ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.
२. १०८ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढण्याची मुदत ६ तास असते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत.
३. चहा, पाणी, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळता येतं की नाही हे अजून कुणालाच माहीत नसतं.
४. घरातली ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही. बीपी उतरवायला जिभेखाली गोळी ठेवण्याचा प्रकारही करू नका. अचानक दाब पडला तर पेनम्ब्राला मिळणारं उरलंसुरलं रक्तही आटतं.

कबुतराचं रक्त चोळणं, सीमेपलीकडच्या कुठल्याशा गावी जाऊन औषध पाजून आणणं हे आजही घडतं. ते साडेचार तास अशा प्रवासात संपतात, आणि मग मी कितीही व्यायाम घेतला तरी ते परत आणू शकत नाही.

पहिला आठवडा: चिखलात पेरू नये

साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मेंदूची सूज सर्वांत जास्त असते. मेलेल्या पेशींचा राडारोडा साफ करायला मेंदूतल्या सफाई पेशी जाग्या होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन मिळतात. ही जळजळ गरजेची असते, पण तिच्यामुळे शेजारच्या पेशींनाही झळ बसते. ताण वाढवणाऱ्या संप्रेरकांमुळे रक्तातली साखर चढते, मधुमेह नसलेल्यांचीसुद्धा. रुग्णालयात साखर सहसा १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. भेटायला येणाऱ्यांनी पेढ्याचा तुकडा भरवणं किती महागात पडू शकतं, ते यावरून समजावं.

'जितक्या लवकर उठवू तितकं चांगलं' असं पूर्वी आम्हीही मानत होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अव्हर्ट' नावाच्या मोठ्या चाचणीनं ते बदललं. पहिल्या २४ तासांतच फार जास्त वेळ, वारंवार उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांपेक्षा थोडी वाईट निघाली. जमीन चिखल असताना कुळव घातला तर ढेकळंच होतात, तसं हे. पहिल्या दिवशी घाई नको. त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीनं थोडं थोडं बसवणं, उभं करणं सुरू करायचं.

या आठवड्यात घरच्यांनी शिकून घ्यायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दर दोन तासांनी कूस बदला. दुबळ्या हाताखाली उशी ठेवा, म्हणजे खांदा लोंबकळणार नाही. आणि माणसाला उठवताना दुबळा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नका. स्नायू ढिले असताना खांद्याचा सांधा जवळजवळ नुसत्या कातडीवर टांगलेला असतो. एकदा ओढलेला खांदा पुढे महिनोन्महिने दुखतो, दुखतो म्हणून हात हलवला जात नाही, आणि व्यायामाचे दिवस तसेच सरतात. छताला दोर-कप्पी बांधून दुबळा हात वर ओढण्याचा व्यायाम अजून बऱ्याच घरांत दिसतो. मी गेल्यावर आधी ती कप्पी सोडवून ठेवते.

गिळण्याचं नीट पाहा

यावर मी मुद्दाम जास्त बोलते, कारण घरी परतल्यावर होणाऱ्या न्युमोनियाचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. आपल्याला वाटतं, पाणी तर सोपं, भाकरी अवघड. गिळण्याच्या स्नायूंना मात्र पातळ पदार्थच जास्त अवघड जातात. पाणी आणि चहा एवढ्या वेगानं खाली जातात की श्वासनलिकेचं झाकण लागायच्या आत ते तिथे पोचतात.

गिळण्याची तपासणी होऊन तोंडानं खायला परवानगी मिळाल्यावर ज्वारीची दाटसर आंबील, नाचणीची खीर, घट्ट वरण, मऊ भात एकजीव करून द्या. दुधात भिजवलेली भाकरी आपल्याकडे आजारी माणसाचं खाणं मानतात. पण त्यात पातळ दूध पुढे पळतं आणि तुकडा मागे राहतो, असं मिश्रण सर्वांत फसवं. द्यायचीच असेल तर कुस्करून, लगदा होईल इतकी मुरवून द्या. माणूस पूर्ण ताठ बसलेला असावा, घास लहान असावा, आणि एक घास गेल्याशिवाय दुसरा देऊ नये. दुबळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवणानंतर बोटाला कापड गुंडाळून तो काढा. पुढचा अर्धा तास आडवं करू नका. जेवताना ठसका, जेवल्यावर घोगरा-ओला आवाज, संध्याकाळी कारण नसताना ताप, यातलं काहीही दिसलं की तोंडानं देणं थांबवून डॉक्टरांना कळवा.

वाफसा कधी येतो

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. सूज ओसरली की मेंदू नव्या वायरिंगला लागतो. जखमेच्या कडेच्या पेशी वाढीला लावणारी जनुकं पुन्हा चालू करतात. बीडीएनएफ आणि व्हीईजीएफसारखी वाढ-रसायनं तयार होतात. पहिलं चेतापेशींच्या जोडण्या पक्क्या करतं, दुसरं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं. शाबूत पेशींना नवे धुमारे येतात. ज्या पेशी मेल्या त्या उठत नाहीत, पण त्यांचं काम शेजारच्यांनी आणि काही प्रमाणात समोरच्या अर्ध्या मेंदूनं शिकण्याची तयारी सुरू होते.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मेंदूला वाफसा येतो. ना चिखल, ना ढेकूळ, पेरायला नेमका ओलावा. तो साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत टिकतो, नंतर हळूहळू जमीन घट्ट होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ७२ रुग्णांना नेहमीच्या उपचारांवर २० तासांचा जादा हात-व्यायाम वेगवेगळ्या टप्प्यांवर दिला गेला. दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर ज्यांना तो मिळाला, त्यांच्या हातात सर्वांत जास्त फरक पडला. पहिल्या महिन्यात मिळालेल्यांना थोडा कमी, आणि सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांना उठून दिसेल असा फरक दिसला नाही.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. पहिले दोन महिने 'आराम', मग दिवाळी किंवा लग्नसराई, आणि मग 'आता फिजिओला बोलावूया'.

वाफसा आला म्हणून पीक आपोआप उगवत नाही, पेरावं लागतं. इथलं बियाणं म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली खरीखुरी हालचाल. किती वेळा? प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसतो तेव्हा दिवसाला ४०० ते ६०० वेळा हालचाल झालेली असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष उपचारसत्रं मोजली, तर एका सत्रात हाताची उपयुक्त हालचाल सरासरी ३२ वेळाच होत होती. मी आठवड्यातून तीनदा पाऊण तास येऊन गेले तरी त्यातून दिवसाला चारशेचा हिशेब जुळत नाही. उरलेलं काम घरातच व्हायला हवं.

मात्र घरच्यांनी मनापासून केलं की पुरे, असंही नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत 'अटेंड' नावाची चाचणी झाली, २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करून घेतला, तरी सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत फरक दिसला नाही. मी यातून एवढंच घेते की थोडंसं शिकवून सोडून देणं पुरत नाही. किती वेळा, किती अवघड, कधी वाढवायचं हे कुणीतरी जाणकारानं पुन्हा पुन्हा येऊन पाहावं लागतं. जत किंवा आटपाडीकडच्या गावात फिजिओ मिळत नसेल, तर मिरजेच्या फेरीत पंधरा दिवसांचा व्यायाम लिहून घ्या आणि पुढच्या वेळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवा.

बसून उठणं

पायासाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी हा निवडेन. संडास, अंघोळ, चालणं, सगळ्याची सुरुवात उठण्यापासून होते.

१. न हलणारी, जरा उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. फरशी कोरडी हवी.
२. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. दुबळं पाऊल चांगल्या पावलाहून थोडं आणखी मागे, म्हणजे वजन त्याच्यावर येतं.
३. दोन्ही हात एकमेकांत गुंफून पुढे न्या. नाक पायाच्या बोटांपुढे जाईपर्यंत वाका.
४. मग उठा. वर आल्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन आहे का ते पाहा, मनात पाच म्हणा.
५. खाली बसताना धपकन नको, सावकाश. बसण्यातच मांडीचं खरं काम होतं.

मदत करणाऱ्यानं दुबळ्या बाजूला उभं राहून कमरेला बांधलेल्या मजबूत पट्ट्याला धरावं, हाताला नाही. दहाच्या तीन फेऱ्यांपासून सुरू करा आणि जमेल तसं वाढवा. दहापैकी नऊ सहज जमू लागले की खुर्ची थोडी बुटकी घ्या. सोप्या व्यायामानं मेंदू शिकत नाही.

चालताना पाऊल घासत असेल तर घोट्याचा आधारपट्टा लागतो. तो मापानं बनवून घ्या, नाही तर पाऊल आतल्या बाजूला वळण्याची खोड लागते. ओली शहाबादी फरशी आणि मोरीचा उंबरा या दोन जागांवर सर्वांत जास्त माणसं पडतात. तिथे भिंतीला दांडा बसवा आणि भारतीय संडासावर खुर्ची ठेवा.

हात: हळकुंड आणि बेदाणे

हात पायापेक्षा मागे राहतो, त्यामुळे घरचे लवकर आशा सोडतात. चांगल्या हातानं काम भागतं, आणि दुबळा हात मांडीवर पडून राहतो. मेंदूतली त्याची जागा मग इतर कामं बळकावतात. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं या न वापरण्याच्या सवयीवर उपाय शोधला: चांगल्या हाताला मऊ मोजा घालून तो बांधून टाकायचा आणि दुबळ्या हाताला कामाला लावायचं. २००६ साली आलेल्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या २२२ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना दोन आठवडे असा उपचार दिला, आणि बाकीच्यांच्या तुलनेत वर्षभरानंतरही फायदा दिसत होता. मनगट थोडं तरी मागे वळत असेल आणि बोटं थोडी तरी उघडत असतील, तेव्हाच हे करता येतं. हात अगदीच ढिला असेल तर आधी आरसा घ्या. छातीसमोर उभा आरसा, दुबळा हात त्याच्या मागे, आणि चांगल्या हाताची हालचाल आरशात पाहत दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न, रोज अर्धा तास. डोळ्यांना दिसतं की दुबळाच हात हलतोय, आणि त्या हाताची मेंदूतली जागा जागी होते.

हालचाल येऊ लागली की मी घरातल्याच वस्तू मागवते. सांगलीत हळद आणि बेदाणे नाहीत असं घर नाही. जाड हळकुंड पूर्ण मुठीसाठी, बारीक हळकुंड तीन बोटांसाठी, बेदाणा चिमटीसाठी. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. वाट्यांमधलं अंतर दर आठवड्याला वाढवायचं, मग एक वाटी फळीवर ठेवायची. त्यानंतर खरी कामं: घेवडा मोडणं, शेंगा फोडणं, रुमालाची घडी, सदऱ्याची बटणं. ज्याची आवड असेल ते द्या. आयुष्यभर बाग केलेल्या माणसाला रबरी रिंगांचा कंटाळा येतो, पण बेदाणे निवडायला बसवलं की दोनशे कधी झाले ते त्याला कळतही नाही.

बॉल दाबायला देणं मला पसंत नाही. पक्षाघातानंतर बोटं मिटण्याकडेच ओढली जातात, शिकायचं असतं ते उघडणं. म्हणून प्रत्येक वेळी 'धरलं'पेक्षा 'सोडलं' मोजा.

मालिशनं बरं वाटतं, कातडी सैल राहते, जरूर करा. पण त्यात हालचाल दुसऱ्याची असते, म्हणून मेंदू शिकत नाही. आणि ज्या हाताला गरम-गार कळत नाही, त्याला गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक देऊ नका. कोपरापर्यंत भाजलेले हात मी पाहिले आहेत, आणि भाजलं तेव्हा त्या माणसाला काहीच जाणवलं नव्हतं.

बोलणं, झोप, मन

उजवं अंग गेलेल्यांचं बोलणं बऱ्याचदा जातं, कारण भाषा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. अशा माणसाला शब्द सापडत नाही, पण आरती सुरू केली की ती अख्खी म्हणता येते, कारण गाण्याची वाट उजव्या मेंदूतूनही जाते. तेव्हा रोज बरोबरीनं म्हणा. प्रश्न 'हो-नाही'त उत्तर येईल असे विचारा आणि वाक्य पुरं करायला घाई करू नका. त्यांना समजत नाही असं धरून त्यांच्यासमोर खर्चाचं बोलणं तर नकोच.

तिघांतल्या एकाला झटक्यानंतर नैराश्य येतं. यात मेंदूतल्या रसायनांचाही भाग असतो, 'मन घट्ट करा' म्हणून ते जात नाही. फ्लुओक्सेटिन नावाची गोळी हालचालही सुधारते अशी आशा २०११च्या एका छोट्या चाचणीनं दिली होती. २०१८च्या तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत तसं दिसलं नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. म्हणून ती नैराश्यासाठीच, डॉक्टरांनी दिली तर घ्यावी. नसांच्या ताकदीसाठी म्हणून लिहिल्या जाणाऱ्या सिटिकोलीनचाही २०१२च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नव्हता. त्यावर महिन्याला जाणारे पैसे व्यायामावर घालता येतील का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा.

झोपेच्या गोळ्यांचंही विचारा. जखमेच्या कडेला गाबा या रसायनाचा ब्रेक आधीच लागलेला असतो, आणि अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या गोळ्या तोच ब्रेक आणखी दाबतात. त्यांनी सुधारणेला अडथळा येऊ शकतो. चालू असलेली गोळी स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका.

दुसरा झटका टाळायचा तर

दर चार झटक्यांतला साधारण एक, आधी येऊन गेलेल्या माणसालाच आलेला असतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवू नये. काही रुग्णांना सुरुवातीला दोन गोळ्या देऊन काही आठवड्यांनी एक थांबवतात, ती तारीख लिहून घ्या. बीपी १३०/८०च्या खाली. मानेच्या किंवा मेंदूच्या वाहिन्यांत चरबीचा थर असेल तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही. लोणचं, पापड, भडंग, खारे दाणे यांतलं मीठही त्यातच धरा. साखरेऐवजी गूळ चालतो हा समज मधुमेही माणसानं सोडावा. जेवणातली हळद खुशाल खा, पण हळदीच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि घरातल्या बायकांना मिश्रीबद्दल विचारा. तंबाखू खाता का म्हटलं की 'नाही' म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखू नसते. ती तंबाखूच आहे.

तीन महिन्यांनंतर

जमीन घट्ट झाली तरी नापीक होत नाही. सुधारणा पुढेही होते, फक्त जास्त घाम गाळून थोडी मिळते. हात कोपरात आखडत असेल, मूठ उघडून नखं कापता येत नसतील, तर बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ते दिल्यावरचे काही आठवडे ताणण्याच्या व्यायामाचे असतात, नुसतं इंजेक्शन देऊन गप्प बसू नका. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरत असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

दर फेरीला एक वही न्या: रोजचं बीपी, रोज किती वेळा उठले-बसले, हातानं किती वेळा धरलं-सोडलं, किती दिवस ठसका लागला, आणि या महिन्यात कोणतं काम पहिल्यांदा स्वतः केलं. ती शेवटची ओळ मी सगळ्यांत आधी वाचते. गेल्या हिवाळ्यात एका वहीत तिथे लिहिलं होतं, 'धोतराची गाठ.'